दोन अक्षरं

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळचा स्टँडअप चालू होता आणि माझी पाळी यायच्या आत फोन थरथरला. ताईने व्हॉट्सॅपवर एक पीडीएफ पाठवली होती, खाली एकच ओळ : "तुला काही कळतंय का बघ."

मावशीचा रिपोर्ट होता. बारा-तेरा पानं, त्यातली निम्मी 'आम्ही कशाकशाला जबाबदार नाही' हे सांगणारी. (ही खोड फक्त सॉफ्टवेअरवाल्यांना असते असं मला वाटायचं.) दुसऱ्या पानावर एका चौकटीत जीनचं नाव होतं, बीआरसीए-१, आणि पुढे एक कोड : सी.६८_६९डेलएजी. बाकी सगळं डोक्यावरून गेलं, पण 'डेल' तेवढं कळलं. रोजचंच आहे ते. कुठल्यातरी फाईलमधलं ६८ आणि ६९ नंबरचं अक्षर डिलीट झालेलं. माणसाच्या डीएनएच्या एका संचात अशी तीनशे कोटींच्या वर अक्षरं असतात. त्यातली दोन.

"तुझं काय? काही ब्लॉकर्स?" मॅनेजरने विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

मावशी म्हणजे आईची मोठी बहीण, कोल्हापूरला असते. गेल्या वर्षी तिला ओव्हरीचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, किमोच्या सहा सायकल झाल्या, आणि मग डॉक्टर म्हणाले की आता एक जेनेटिक टेस्ट करून घ्या, पुढची गोळी त्यावर ठरेल. (हे सगळं तिला विचारून लिहितोय. "लिही की, मी काय चोरी केलीय?" असं तिचं उत्तर आलं.)

आता मी बारावीला बायो सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलेला माणूस. मार्क चांगले पडतात म्हणून. त्यामुळे पुढचे तीन-चार वीकेंड तेव्हा सोडलेलं बायो भरून काढण्यात गेले. वाचता वाचता प्रकरण मावशीच्या रिपोर्टवरून कुठल्या कुठे गेलं आणि शेवटी फिरून घरातच आलं. तेच सांगायचंय.

माझी आधीची समजूत अशी होती की डीएनए म्हणजे जन्माला येताना एकदाच बर्न केलेली सीडी. आहे ते आहे, नंतर फक्त वाचायचं. गंमत म्हणजे मोठमोठ्यांचीही थोडीफार अशीच समजूत होती. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ साली डीएनएची रचना सांगितली, तो दोन धाग्यांचा पीळ. पण हा पीळ सारखा दुरुस्त करावा लागत असेल हे तेव्हा आपल्या लक्षातच आलं नाही, अशी कबुली क्रिकने १९७४ साली देऊन टाकली. साधारण त्याच काळात टोमास लिंडाल नावाचा स्वीडिश माणूस अंगाच्या तापमानाला, नुसत्या पाण्यात डीएनए किती टिकतो ते मोजत बसला होता. उत्तर आलं की फारसा टिकत नाही. इतक्या वेगाने कुजणाऱ्या वस्तूवर जीवसृष्टी उभीच राहायला नको. ज्याअर्थी उभी आहे, त्याअर्थी आत कोणीतरी सतत दुरुस्ती करतंय. त्याने ती दुरुस्ती शोधून काढली. २०१५ सालचं केमिस्ट्रीचं नोबेल लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सँकार या तिघांना याच कामासाठी मिळालं.

आकडे ऐकलेत तर चहा थंड होईल. तुमच्या एकेका पेशीत रोज दहा हजारांपासून लाखापर्यंत ठिकाणी डीएनए बिघडतो, असा अंदाज आहे. सिगरेट, ऊन, एक्स-रे हे सगळं राहू द्या बाजूला. नुसतं पाणी आणि आपण घेतो तो ऑक्सिजन यांनीच एवढं होतं. हे बिघाड बहुतेक दोनपैकी एकाच धाग्यावर होतात, म्हणून निभतं. समोरचा धागा शाबूत असतो आणि जोड्या ठरलेल्या असतात, ए समोर टी, जी समोर सी. बिघडलेला तुकडा कापायचा, समोर बघून पुन्हा लिहायचा. झालं.

खरी पंचाईत दोन्ही धागे एकाच जागी तुटले की होते. समोर बघून लिहायचं तर समोरचंही तुटलेलं. विभागणाऱ्या पेशीत असे तुकडे दिवसाला दहा ते पन्नास वेळा पडतात असं म्हणतात. असा एक जरी तुकडा न जोडता राहिला तरी पेशी मरू शकते. आणि भलत्याला भलता जोडला गेला तर त्याहून वाईट.

इथे मला एक जुनी रात्र आठवली. दोन वर्षांपूर्वी एका प्रोजेक्टवर मी प्रॉडक्शनला एक स्क्रिप्ट चालवली. अट लिहायची राहिली. एका टेबलातल्या मधल्याच बऱ्याच ओळी गेल्या. बॅकअप मागितला तर तो दोन दिवसांपूर्वीचा, आणि मधल्या दोन दिवसांच्या ऑर्डर्स कुठेच नाहीत. रात्रीचे दोन. क्लायंटचं ऑफिस सकाळी उघडणार. मग मी आणि माझ्या टीममधला एक जण, आम्ही लॉगमधून मिळेल ते उचललं, टोकाला टोक जुळवलं आणि सिस्टिम चालू केली. सकाळी कोणाला पत्ताही लागला नाही. तीन महिन्यांनी हिशेबात काही ऑर्डर्स कमी निघाल्या. कोणत्या, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी सगळं कबूल केलं, बोलणी खाल्ली. असो.

सांगायचा मुद्दा, पेशीसुद्धा नेमकं हेच करते!

तुटलेल्या टोकांवर काही सेकंदांत 'कू' नावाचं एक प्रोटीन येऊन बसतं. अंगठीसारखा आकार, टोकात अडकवल्यासारखं बसतं. ते बाकीच्या मंडळींना बोलावतं, टोकं थोडी साफसूफ करतं, आणि लायगेज नावाचं एन्झाइम ती सरळ एकमेकांना डकवून टाकतं. बरेचदा अर्ध्या-एक तासात काम खलास. मूळ काय लिहिलं होतं हे कोणी बघत नाही. साफसूफ करताना दोन-चार अक्षरं गळतात, कधी एखाद-दुसरं जास्तीचं घुसतं. पण गुणसूत्र सांधलं गेलं, पेशी जगली.

दुसरी पद्धत सावकाशीची. पेशी विभागायच्या आधी आपल्या डीएनएची एक पूर्ण कॉपी काढते. ती कॉपी हाताशी असेल तर तुटलेली टोकं घाईने डकवायची नाहीत. उलट अजून थोडी कुरतडायची, म्हणजे एकेरी धागा मोकळा होतो. त्यावर रॅड५१ नावाच्या प्रोटीनची रांग बसते, आणि ही रांग शेजारच्या कॉपीत आपल्याशी जुळणारा मजकूर शोधत फिरते. तीनशे कोटी अक्षरांत सर्च! सापडला की त्यावरून गेलेला भाग अक्षर न अक्षर उतरवून घ्यायचा. याला कित्येक तास लागतात. पण व्रण राहत नाही.

वाचताना मला पहिल्यांदा राग आला, की चांगली पद्धत आहे तर ती घाणेरडी पद्धत ठेवलीच कशाला? उत्तर अगदी साधं आहे. कॉपी नेहमी नसते. आपल्या बहुतेक पेशी बहुतेक वेळ विभागतच नसतात, मग कॉपी आणायची कुठून? अशा वेळी दोन अक्षरं गमावून जोडलेलं गुणसूत्र हे तुटक्या गुणसूत्रापेक्षा हजारपट बरं. त्यात आपल्या डीएनएतला जेमतेम एक-दोन टक्के भागच प्रोटीन बनवायच्या कामी येतो, म्हणजे व्रण बहुतेक वेळा अशा जागी पडतो जिथे कोणाचं फारसं काही बिघडत नाही. आणि कहर म्हणजे आपली रोगप्रतिकारशक्ती याच गचाळपणावर जगते. अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी स्वतःचा डीएनए मुद्दाम कापतात आणि मुद्दाम वेडावाकडा जोडून घेतात, म्हणून तर कधी न पाहिलेल्या जंतूंनाही जुळेल अशी अँटिबॉडी निघते.

कॉपी असली की काय होऊ शकतं याचं माझं आवडतं उदाहरण १९५६ सालचं आहे. अमेरिकेत ऑरेगनमध्ये डबाबंद मांसावर गॅमा किरण मारून ते निर्जंतुक होतं का ते तपासत होते. एक डबा तरीही नासला. आत एक जिवाणू निघाला, डायनोकॉकस रेडिओड्युरन्स. माणूस चार-पाच ग्रे एवढ्या किरणोत्सर्गाने उपचार न मिळाल्यास मरू शकतो. हा गडी पाच हजार ग्रे पचवतो. त्याच्याही डीएनएचे शेकडो तुकडे होतातच, तो काही वज्राचा नाही. पण एका पेशीत तो पूर्ण जीनोमच्या अनेक प्रती बाळगून असतो. एक प्रत इथे तुटली तर दुसरी तिथे. तुकडे एकमेकांवर ठेवून जुळवतो आणि काही तासांत अख्खं पुस्तक परत बांधतो. आमच्या क्लायंटने याच्याकडे ट्रेनिंगला यायला हवं. :)

आता मावशी.

बीआरसीए-१ हा जीन या दुसऱ्या, सावकाशीच्या पद्धतीतला मुकादम आहे. टोक कुरतडून एकेरी धागा मोकळा करायचा आणि बीआरसीए-२ ला जागेवर आणायचं, या कामांत त्याचा हात असतो. मग बीआरसीए-२ त्या धाग्यावर रॅड५१ ची रांग बसवतो. मुकादमच नसेल तर पेशीकडे कॉपी असूनही ती वापरता येत नाही. मग प्रत्येक मोठी मोडतोड त्या रात्रीसारखी, टोकाला टोक.

आणि ती दोन अक्षरं? डीएनए तीन-तीन अक्षरांच्या गटांत वाचला जातो. तीन गाळली असती तर एखादा मणी कमी पडला असता. दोन गाळली की पुढचा सगळा मजकूर सरकतो आणि भलतेच शब्द तयार होतात. त्यातला एक भलता शब्द 'थांबा' असा निघतो. १८६३ मण्यांचं प्रोटीन, चाळिशीही न गाठता बंद पडतं.

तरीसुद्धा मावशी साठ वर्षं ठणठणीत होती, कारण प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. चांगली प्रत एकटी काम ओढत होती. कधीतरी कुठल्यातरी एका पेशीत तीही गेली. आपल्याकडे दोनपैकी एक डिस्क गेलेली असते आणि कोणी बघितलेलं नसतं, दुसरी गेली की मग धावाधाव, तसंच. कोट्यवधी पेशींतल्या त्या एका पेशीत अचूक दुरुस्ती बंद झाली, चुका साठत गेल्या, आणि गाठ झाली.

पण याच दुबळेपणावर आता औषध आहे, आणि हा भाग वाचून मी रात्री एकटाच खोलीत फेऱ्या मारल्या. एकेरी धाग्यावरच्या हजारो तुटी शोधायचं काम पार्प नावाचं प्रोटीन करतं. ओलापॅरिब ही गोळी त्या पार्पला डीएनएवरच अडकवून ठेवते. मग पेशी कॉपी काढायला गेली की त्या अडथळ्यांवर आपटते आणि छोट्या तुटींच्या मोठ्या तुटी होतात. मावशीच्या चांगल्या पेशींत बीआरसीए-१ ची एक प्रत शाबूत आहे, त्या निस्तरून घेतात. गाठीच्या पेशींना ते जमत नाही. त्या मरतात. २००५ साली दोन गटांनी प्रयोगशाळेत हे दाखवलं, २०१४ च्या डिसेंबरात अमेरिकेत गोळीला मान्यता मिळाली. २०१८ मध्ये मोठ्या चाचणीचे निकाल आले. मावशीसारखंच म्युटेशन आणि पुढच्या टप्प्यातला आजार असलेल्या, किमोला प्रतिसाद दिलेल्या बायका. तीन वर्षांनंतर आजार पुढे न सरकता राहिलेल्यांचं प्रमाण गोळी घेणाऱ्यांत ६० टक्के, खोटी गोळी घेणाऱ्यांत २७ टक्के. मावशी ती सकाळ-संध्याकाळ घेते. हिमोग्लोबिन खाली गेलंय, दमायला होतं. पण घेते.

इथपर्यंत सगळं छान होतं. मी ग्रुपवर आकृत्या टाकत होतो, ताई अंगठे दाखवत होती. मग मी गणित मांडलं. मावशीला हे तिच्या आईकडून किंवा वडिलांकडून आलं. म्हणजे आईकडे असण्याची शक्यता निम्मी. आईकडे असेल तर ताई आणि मी, पुन्हा निम्मी निम्मी. पुरुषांना या जीनचा स्वतःला धोका बराच कमी, पण पुढच्या पिढीला देण्यात तेही बरोबरीचे. बीआरसीए-१ चा असा बिघाड असलेल्या बाईला ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता ७२ टक्के आणि ओव्हरीचा ४४ टक्के, असा २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासाचा आकडा आहे. स्तनासाठी एमआरआयने लक्ष ठेवता येतं. ओव्हरीचा लवकर पकडणारी भरवशाची तपासणी नाही. म्हणून मुलं झाल्यावर, पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान ओव्हरीज काढून टाकायचा सल्ला देतात. ताई तेहतीसची आहे.

आणि या सगळ्याची चावी आईच्या एका टेस्टमध्ये. तिच्यात नसेल तर आमच्या घरापुरता विषयच संपला.

मी शनिवारी सांगलीला गेलो. जेवणं झाल्यावर वाणसामानाच्या यादीच्या पाठीमागे सगळं काढून दाखवलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कळून काय करायचंय?"

"अगं, कळलं तर काहीतरी करता तरी येईल..."

"आणि तुझं लग्न व्हायचंय. आत्ता कुठे स्थळं बघायला लागलोय. लोकांना काय सांगायचं, आमच्याकडे हे आहे म्हणून?"

बाबा पेपर घेऊन गॅलरीत गेले. मला चिडायला झालं, पण चिडून काय बोलणार? काहीतरी बोलायचं म्हणून मी यादीवरचं राहिलेलं एक सांगितलं. म्हटलं, आई, डीएनए तुटला की पेशी जोडायच्याही आधी काय करते माहितीये? झेंडा लावते. तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना लाख-लाख अक्षरांपर्यंत, कधी त्याहून लांब, खुणा करत जाते, की इथे तुटलंय. मग विभागणं थांबवते. पी५३ नावाचं एक प्रोटीन आहे, ते अडवून धरतं, आधी हे निस्तर मग पुढे जा. निस्तरत नसेल तर पेशीला मरायला लावतं, पण लपवून पुढे जाऊ देत नाही.

आई बराच वेळ गप्प. मग तिने जे सांगितलं ते मी अठ्ठावीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.

आजी, म्हणजे आईची आई, १९८३ साली गेली. आई तेव्हा चौदा वर्षांची. 'पोटात पाणी झालं होतं' एवढंच आम्हाला माहीत. आई म्हणाली, पाणी नव्हतं नुसतं, गाठ होती. मिरजेला दाखवायला नेलं होतं. आजीची एक बहीणही तशीच गेली होती, आजीच्या आधी. "पण घरात कोणी बोलायचं नाही. आम्ही दोघी बहिणी, लग्नं व्हायची होती. आबा म्हणाले पोटात पाणी झालं सांगायचं. मग तेच सांगत गेलो. पुढे आम्हालाही तेच खरं वाटायला लागलं."

टोकाला टोक. मधली अक्षरं गळाली, घर चालू राहिलं.

मी आबांना नावं ठेवणार नाही. बीआरसीए-१ सापडला १९९४ साली. १९८३ मध्ये सांगलीतल्या एका विधुर माणसाकडे बघून लिहायला कुठली कॉपी होती? दोन मुली होत्या आणि त्यांची लग्नं. त्याने जोडता आलं तसं जोडलं आणि ते चाळीस वर्षं टिकलं. पण आता कॉपी आहे, बारा-तेरा पानांची, आणि नेमक्या कुठल्या दोन अक्षरांकडे बघायचं तेही माहीत आहे. आता तसंच जोडणं बरोबर नाही. एवढंच मी आईला म्हणालो. जरा कमी शब्दांत.

ती भांडी आवरायला उठली. जाता जाता म्हणाली, "अक्का किती दमलीय रे. मला काही बोलली नाही ती."

रविवारी मी पुण्याला परतलो. मंगळवारी ताईचा फोन, "आई स्वतःहून रक्त देऊन आली." आईला फोन केला तर तिने दोनच अटी घातल्या. एक, रिपोर्ट आधी तिच्या हातात द्यायचा, माझ्या मेलवर नाही. दोन, ताईच्या मुलीचं नाव यात इतक्यात आणायचं नाही, ती चार वर्षांची आहे. दुसऱ्या अटीशी डॉक्टरही सहमत आहेत, मोठी होईपर्यंत मुलांची ही टेस्ट करतच नाहीत. रिपोर्ट यायला अजून दोन आठवडे आहेत. काय येईल ते येईल. स्थळांचं काय, तेही आईच म्हणाली : "ज्यांना विचारायचंय ते विचारतील. सांगू."

तर मंडळी, एक काम करा. या रविवारी घरी फोन कराल तेव्हा पगार आणि पाऊस सोडून एवढं विचारा, की आजी-आजोबा कशाने गेले. 'म्हातारपणाने' किंवा 'पोटाने' असं उत्तर आलं तर अजून एकदा विचारा. हळू विचारा. आणि लिहून ठेवा.

मावशीने कोल्हापुरातून भडंग पाठवलाय, डबाभर. खाता खाताच हे टाईप केलंय, शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या तर सांगा. दुरुस्त करेन.